हातचा

फिनमार्कच्या किनाऱ्यावर जुलैत सूर्य मावळत नाही,
त्यामुळे आजचा हिशेब कुठे मिटवायचा
हे मलाच ठरवावं लागतं.

कुंपणात रेनडिअरची दोनशे चौदा पाडसं,
गळ्यात दोरीनं बांधलेले नंबर.
इंगाआत्या दुर्बिणीतून पुटपुटते,
"एकोणसत्तर क्लेमेतच्या त्या पांढुरकीमागे."
मी लिहिते.
"थांब गं. ती ढकलतेय त्याला. आपल्या तपकिरीचं असणार."
मी खोडते.

म्हणजे खोडत नाही.
हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, त्रोम्सोत, दोन हिवाळे बसून.
तो सकाळी वाचलेलं एका बाजूला ठेवतो,
आत्ता सांगितलेलं दुसऱ्या,
आणि दोन्हींतला फरक तेवढा
मनात धरून बसतो.

बेरीज शिकवताना बाबा विचारायचे,
रावना, हातचे किती?
कागदावर नसतं,
पण विसरलं की पुढचं सगळं चुकतं.
सर्व्हर डोंगरापलीकडे. सिग्नल
मासे वाळवायच्या मांडवापाशी, तोही लहरी.
तोवर दोनशे चौदा हातचीच.
बॅटरी अठरा टक्के.

कानाला मात्र रोलबॅक नाही.
क्लेमेत सुरी पुसतो. "नक्की?"
मी स्क्रीनकडे बघते, आत्या मादीकडे.
"नक्की."
कापलेला तुकडा तो खिशात टाकतो.
शेवटी तुकडे मोजायचे, माझ्या ओळींशी ताडायचे.
ही पद्धत माझ्या प्रोग्रॅमहून फार जुनी,
आणि तिला चार्जिंग लागत नाही.

एक ओळ मी पहाटेच बदलली होती, सगळे झोपलेले असताना.
इस्साट. खूण: दोन चिरा, एक खाच.
फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ त्यांना पेलला नाही.
स्थिती: काढून टाकणे.
दिवसभर ती ओळ यादीत होती आणि नव्हती.
कॉफी ओतताना बघितली, दोर सोडवताना बघितली.
सेव्ह दाबत नाही तोवर
डोंगरापलीकडे बाबांचं नाव जागच्या जागी.
पण नियम मीच घातलाय,
जाईल तर सगळं एकदम, नाहीतर काहीच नाही.
पाडसं नोंदवायची तर बाबांनाही पाठवायला हवं.

रात्रीचे अकरा. ऊन. तुकडे दोनशे तेरा.
पुन्हा मोजले. दोनशे तेरा.
क्लेमेतनं खिसा उलटा केला, तंबाखूत एक निघाला.

मांडवापाशी जाऊन दाबलं.
चाक फिरलं, अडकलं.
"काहीही जतन झालेलं नाही. तुम्ही वाचल्यानंतर
एक ओळ दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे."
हे वाक्य माझंच, एका शुक्रवारी
जेवायच्या घाईत लिहिलेलं.

वाचलं तेव्हा: इस्साट.
माझ्याकडे: काही नाही.
तिथे, आज दुपारी दोन दहाला:
खूण तीच, मालक योव्ना, वय चार.
वहिनीनं काउतोकेइनोच्या ऑफिसातून केलं असणार.
मला विचारलं नाही.
मी तरी कुणाला विचारलं होतं?

दोन बटणं. तुमचं ठेवा. त्यांचं ठेवा.
बॅटरी चार.
त्यांचं.
मग पाडसं गेली, सगळी, एका दमात,
आणि स्क्रीन काळी झाली.

"गेलं का गं?"
"गेलं."

कुंपण उघडलं. माद्या आपापलं हुंगत पांगल्या.
एकोणसत्तर मात्र ओरडत राहिलं,
तपकिरी त्याच्याकडे ढुंकूनही बघेना,
आणि वरच्या खडकावरून खाली आली
ती क्लेमेतची पांढुरकी.
पाडस थेट तिच्या आचळाला.
कानावर ओली, ताजी, माझी खूण.

क्लेमेत बराच वेळ बघत राहिला, मग हसला.
"पुढच्या जुलैत दे एक."

सर्व्हरवरची ओळ उद्या दुरुस्त करेन.
क्लेमेतचं देणं कुठल्या रकान्यात टाकू?
त्याला रकाना मी केलेला नाही.
बाबा, एक हातचा.