खायचा सोडा

मळीत यीस्ट सोडल्यावर तिसऱ्या तासाला
टाकी बोलायला लागते,
चुलीवर आमटी रटरटावी तशी.
दारू होते ती आत राहते,
तिचा थेंबाथेंबाचा हिशेब एक्साइजवाले ठेवतात.
वर येतो तो वायू.
त्याला कुलूप नाही, सील नाही.
संकेश्वरच्या वाऱ्यात कारखान्यानं तो
चाळीस वर्षं असाच सोडला.

रंग नाही, वास नाही. जड मात्र.
टाकीच्या तळाशी, गटारात, पायरीच्या कोपऱ्यात
बसून राहतो,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

टाकी धुवायला उतरण्याआधी
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, ही रीत.
कल्लाप्पा मुतगेकरानं सोडला.
कंदील विझला.
‘रॉकेल संपलं की रे,’ म्हणाला,
आणि उतरला.

मी तेव्हा प्रयोगशाळेत नवी.
त्याच टाकीचा नमुना
माझ्या हातातल्या नळीत फेसाळत होता.

आता टाकीला झाकण आहे, झाकणाला नळ.
वायू आधी पाण्यात अंघोळ करतो,
दारूचा वास तिथं सुटतो.
मग उंच मनोऱ्यात खालून शिरतो;
वरून धुण्याच्या सोड्याचं पाणी उतरत असतं.
मध्ये कुठंतरी दोघं भेटतात,
आणि तळाला नासलेल्या दुधासारखं
पांढरं काही बसतं.
पहिल्या दिवशी मी ते जिभेवर ठेवलं.
खारट, किंचित तुरट.
मनात म्हटलं, असा लागतोस होय तू.

वाळवताना जपावं लागतं.
साठ अंशांच्या वर गेला की धरलेलं सगळं सोडून देतो;
माझ्या सासूबाईंसारखाच,
ताप चढला की पोटातलं ओठावर.

पोत्याच्या एका अंगाला ‘अडुगे सोडा’,
दुसऱ्या अंगाला ‘खायचा सोडा’.
तोंड शिवतो नागोजी, कल्लाप्पाचा धाकटा.

मोठे साहेब पाहुण्यांना सांगतात, आम्ही हवा वाचवली.
रजिस्टर मी लिहिते, मला ठाऊक आहे किती.
टाकीतला बराचसा.
बॉयलरच्या चिमणीतला काहीच नाही,
तो अजून सरळ कणगल्याकडे निघतो
आणि हद्दीचा दगड न वाचता पुढं जातो.

जो धरला, तो तरी कायमचा कुठं?
गेटबाहेर रत्नव्वा पिठात चिमूटभर टाकते,
कढईत मिरचीभजं फुगतं.
मोडून पाहिलं की आत बारीक बारीक घरं,
नुकतीच रिकामी झालेली.
नागोजी चार खातो, मी एक.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

टाकीच्या तोंडाशी आता मीटर आहे,
पातळी वाढली की लाल होऊन ओरडतो.
नागोजीचा त्यावर भरवसा आहे.
तरी शेजारच्या खिळ्याला बापाचा कंदील,
आणि दर सोमवारी
तो त्यात रॉकेल
काठोकाठ भरून ठेवतो.