तिसऱ्या फळीवरचा डबा

पदेर पावणेपाचला येतो.
अर्सुलाच्या फाटकापाशी हॉर्न एकदाच वाजवतो,
तिचं ठरलेलं असतं: सहा उंडे, दोन पोळ्या.
आमच्यापाशी तीनदा, कारण आमचं रोज भांडण.
गौतमीला काकणां हवीत,
चहात बुडवली की तुटून तळाशी जाणारी;
मग ती चमच्याने गाळ खाते, म्हणते हीच तर मजा.
दीप्तेशला काही नको. म्हणजे दुकानातलं पाकीट हवं,
पाच रुपयांचं, त्यात तीन रुपयांचा वारा.
भावोजींना मिरचीची भजी, तीही कुडचड्याच्या बाजारातली,
कागदातून बातमी आरपार दिसेल इतकी तेलकट.
घरच्या भज्यांना ते चांगली म्हणतात
आणि दोनच खातात.

नवऱ्याला डॉक्टरांनी भाजलेले चणे सांगितलेत.
खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हा
डब्याबरोबर वेगळी पिशवी लागायची,
फणसाचे तळलेले गरे, मीठ जरा जास्त,
ट्रकांच्या रांगेत, लाल धुळीत, चावत बसायला.
आता खाण बंद. रांग नाही.
व्हरांड्यात बसून एकेक चणा सोलतो.
किती झाले, मी विचारलं.
बत्तीस, म्हणाला. खरंच मोजत होता.

तिसऱ्या फळीवर पत्र्याचा डबा आहे,
कधीकाळी कुवेतहून आलेला,
झाकणावर गंजत चाललेलं जहाज.
त्यात जत्रेतलं खाजं.
पाहुण्यांसाठी आहे, मी बजावलं होतं.
पाहुणे आले नाहीत. डबा हलका होत गेला.
मी मुलांना दटावलं,
भावोजींकडे नुसतं बघितलं,
मुंग्यांवर आळ घेतला, खडूची रेघसुद्धा ओढली.

गुरुवारी रात्री वीज गेली.
पंखा थांबला की आमच्या घराला भूक लागते.
पाणी प्यायचं निमित्त करून उठले
तर स्वयंपाकघरात आधीच कुणीतरी चावत होतं,
हळू, दाताखाली आवाज दाबून.
मग थांबलं.
मग चुलीच्या बाजूने दुसरं चावणं.
कुणी बोललं नाही.
मी फळीवर हात फिरवला, डबा नव्हता.
काळोखातून कुणीतरी तो माझ्या हातात दिला.
गूळ चिकटला बोटांना, आल्याचा वास आला.

खरं सांगायचं तर पहिली कांडी मीच मोडली होती,
जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी, सगळे झोपल्यावर.

ट्यूब दोनदा फडफडून लागली.
पाचही जण तिथेच.
गौतमीच्या हनुवटीला तीळ,
भावोजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचताहेत,
आणि नवरा, तोंड भरलेलं,
डाव्या मुठीत चणे, पुरावा म्हणून.

दीप्तेश म्हणाला, आई, पाहुणे आले गं.

झाकण नीट बसेना. तसंच राहू दिलं,
खालच्या फळीवर.