गल्लीचा भाव

केप टाउनहून आलेल्या लीबेनबर्गसाहेबांनी
टेबलावर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार मग ठेवले
आणि म्हणाले, तुम्ही हवा गोठवताय.
मासे नाही. हवा.
मग पेन्सिलीने आमच्या सात गल्ल्या
एकेक करून खोडल्या.

खोटं नाही ते.
विजेचं बिल मीच लावते फायलीला.
आत उणे पंचवीस,
दाराबाहेर वॉल्विस बेचा रस्ता, त्यापलीकडे वाळू,
आणि सकाळचं धुकं, जे उंबऱ्यापाशी येऊन
परवानगी न विचारता बर्फ होतं.

पहिला पर्याय: रॅकच्या पोटातच शिरायचं फोर्कलिफ्टने,
खोल, आणखी खोल, मागून पुढे भरत यायचं.
उतरंडच ती, आडवी घातलेली.
शेवटी ठेवलेलं आधी हाती येतं,
आणि तळाचं मडकं कुणी बघत नाही.
आमच्याकडे होती अशी एक, चौथ्या दारापाशी.
ती मोडली तेव्हा सर्वांत मागे
मासबांकरचं एक पॅलेट निघालं,
चिठ्ठीवर माझीच सही,
थोरल्या मुलीच्या जन्माआधीची.
मुलगी तेव्हा शाळेत जात होती.

दुसरा: उताराचा.
इकडून ठेवा, रुळांवरून घरंगळत तिकडे जाईल,
आधी आलेला आधी बाहेर, रांगेसारखा शहाणा.
साहेबांच्या चित्रात सगळी पॅलेटं काटकोनी होती.
आमची ओल्या लाकडाची, तीनदा ठोकलेली,
एखादा खिळा कायम बाहेर डोकावणारा.
मध्येच अडकलं एखादं
तर त्या थंडीत आत रांगत कोण जाणार,
हे चित्रात नव्हतं.

तिसरा मला आवडला. लपवत नाही.
रॅक चाकांवर, एकमेकांना खेटून उभे.
बटण दाबाल तिथे गल्ली उघडते,
काम झालं की मिटते.
सातांच्या जागी एकच गल्ली, फिरती.
लादीखाली मात्र उबेच्या तारा घालायच्या,
नाहीतर खालची जमीन गोठून फुगेल
आणि रूळ वर येतील.
म्हणजे गारठा टिकवायला जमीन तापवायची.
मी हसले. साहेब हसले नाहीत.
त्यांनी आकडा लिहिला: साडेसहाशे पॅलेटं जास्त.
मी तो दोनदा अधोरेखित केला.

होसेआ दाराशी उभा होता,
भुवयांवरचा बर्फ अजून उतरला नव्हता.
तेवीस वर्षं फोर्कलिफ्टवर. बोलतो कमी.
म्हणाला, मिटताना आत कुणी असलं तर?
साहेबांनी सांगितलं: किरण आहेत, दोऱ्या आहेत,
माणूस दिसला की यंत्र जागच्या जागी थांबतं.
होसेआने मान हलवली, पटल्यासारखी.
मग विचारलं, किरणांच्या डोळ्यावर दव गोठलं
तर ते कोण पुसतं?

आणि मग, आम्ही कुणीच न विचारता,
जुन्या शीतगृहातली ती रात्र सांगितली.
दिवे गेले, दाराची मूठ गोठली.
एक्केचाळीस मिनिटं तो गल्लीत चालला,
एका टोकाकडून दुसऱ्याकडे, खांब मोजत,
बायकोच्या माहेरच्या सगळ्यांची नावं घेत,
नावडत्या मेव्हण्याचंसुद्धा, दोनदा.
बसलो असतो तर बसलोच असतो, म्हणाला.
जागा होती म्हणून चाललो.

दुपारी मी हिशेब पुन्हा मांडला.
फिरते रॅक घ्यायचे, स्पेनला जाणाऱ्या हेकसाठी,
ते महिनोन् महिने हलत नाहीत.
पण भिंतीलगतची एक गल्ली
चाकांशिवाय, न मिटणारी,
दारापासून दारापर्यंत सरळ.
शहाऐंशी पॅलेटं कमी.
गारव्याचा महिन्याचा खर्च मी मांडला,
नाण्यापर्यंत बरोबर,
आणि ‘साठा’ या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका मोठा झाला.

लीबेनबर्गसाहेबांनी चष्मा वर केला:
आणि इथे काय ठेवणार तुम्ही?

होसेआ हातमोजे चढवत होता,
आधी डावा, मग उजवा,
दातांनी पट्टी ओढत.