इतर जमा

वेल्टा स्कुइन्या दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायची,
पेन्शन सोमवारी जमा व्हायचं म्हणून.
लिएपायाच्या बंदरावरचा वारा कोटाच्या बाह्यांत भरून
माझ्या खिडकीशी उभी राहायची
आणि पाकीट सरकवायची. सात युरो,
त्यातले दोन नेहमी नाण्यांत.
पावती नको असायची.
नाव तरी लिहू का, मी विचारायचो.
"साखर कारखान्यात एकवीस वर्षं पोत्यांवर नाव छापलं.
माझं नव्हे, कारखान्याचं.
तेवढं पुरे झालं."

मी या संग्रहालयाचा हिशेबनीस.
चित्रांतलं मला कळत नाही,
चित्रांमागचं कळतं: ओल धरलेली भिंत, विम्याचा हप्ता,
रात्रपाळीच्या इंडुलिसचा विजेरीचा खर्च.
लोक चित्रासाठी देतात.
फरशी पुसायच्या फडक्यासाठी अजून कुणी दिलेलं नाही.
देणगीदारांच्या आमच्याकडे चार पायऱ्या,
सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि शेवटची 'स्नेही'.
स्नेही व्हायलाही वर्षाला शंभर लागतात.
सात बारे चौऱ्याऐंशी.
स्नेहाला सोळा कमी पडायचे.

पाकीट देऊन ती वरच्या तिसऱ्या दालनात जायची.
तिथे एक गोठलेलं बंदर आहे, चित्रकार अज्ञात,
बर्फावर एक माणूस पाठमोरा जाळं ओढतोय.
त्याच्यापाशी अर्धा अर्धा तास.
मला वाटायचं, बाप असेल, नवरा असेल,
बुडालेलं कुणी.
एकदा डिसेंबरात जिना चढून बघायला गेलो.

ती चित्राकडे पाठ करून उभी होती.
दोन्ही तळवे मागे, रेडिएटरवर टेकलेले,
डोळे मिटलेले,
चुलीपाशी उभं राहावं तशी.
त्याची पाठ तिच्याकडे, तिची त्याच्याकडे.
मी पाय न वाजवता खाली आलो.
घरी ती हीटर किती वेळ लावते, विचारलं नाही.
हिशेबनिसाने सगळंच विचारायचं नसतं.

मग क्रेत्सबेर्ग आले, लाकडाच्या जहाजांचे मालक.
त्यांनी छत दिलं.
हे मी मनापासून लिहितो, छत दिलं,
आणि आमच्या अकरा बादल्या तळघरात गेल्या.
हवेचं यंत्र दिलं:
उन्हाळा असो हिवाळा असो, तेच तापमान, तोच दमटपणा.
दारावर त्यांचं नाव, पितळेत, हातभर उंच.
ते झळझळीत ठेवायला महिन्याला अठरा युरोचं पॉलिश लागतं,
ते तेवढं द्यायचं राहिलं.
रिगाहून आलेली चित्रदुरुस्तीवाली बाई
रंगाला गेलेले तडे भिंगातून बघत म्हणाली,
"चित्राखाली रेडिएटर? कुठल्या शहाण्यानं?"
संध्याकाळपर्यंत तो निघाला.

मार्चचा पहिला मंगळवार.
मी तिच्या मागोमाग वर गेलो, काही तरी सांगायचं म्हणून,
काय ते ठरलं नव्हतं.
तिचे हात सवयीने मागे गेले
आणि त्यांना नुसती भिंत लागली.
थोडा वेळ ती तशीच.
मग वळली.

केवढा वेळ बघत होती.
"याच्या डोक्यावर टोपी नाही," ती म्हणाली.
मी पाहिलं. खरंच नव्हती.
एकोणीस वर्षं या चित्राचा विमा भरतोय मी.

खाली येऊन तिने खिडकीवर टकटक केलं.
"रेडिएटरचं बिल वाचलं ना तुमचं?
मग दोन परत द्या."
मी दिले. बरोबरच होतं तिचं.
दारापर्यंत गेली, दार ढकललं,
वारा आत आला, माझे कागद उडाले,
आणि ती परत फिरली.
दोन नाणी काचेखालून सरकवली.
"हे त्याचे. टोपीला."

पाच युरो मी नेहमीच्या रकान्यात लिहिले.
मग पेन बराच वेळ हवेत.
दोन युरो, टोपी, चित्रातल्या माणसासाठी:
अनुदानात बसत नाही, दुरुस्तीत बसत नाही.
'इतर जमा'खाली लिहिले.

जूनमध्ये ऑडिटर येईल, बोट ठेवेल, विचारेल.
विचारू दे.
त्यालाही जिना चढायला लावीन.