इतर

डंडीतल्या जुन्या ज्यूट-गिरणीचा तिसरा मजला.
खिडकीबाहेर टे नदी असावी.
सकाळपासून धुकं आहे, पैज लावणार नाही.
असल्या हवेला रोरी 'ड्रीख' म्हणतो.

लोकांनी आणून टाकलेलं कोड
ज्याच्या त्याच्या खणात ठेवायचं, हे माझं काम.
प्रत्येक भाषेला एक ठिपका, ठिपक्याला रंग.
पायथन निळा, रुबी डाळिंबी,
आणि ओळख पटत नाही त्याला राखाडी.

रोरी नवा आहे. त्याला सांगते,
लायब्ररी म्हणजे शेजारीण:
विरजण संपलं, हाक मारली, वाटी घेऊन परत.
फ्रेमवर्क म्हणजे सासर:
चूल त्यांची, वेळा त्यांच्या,
हाक ते मारणार, तू फक्त ओ द्यायची.
(विरजण समजावण्यात दहा मिनिटं गेली.)
'आणि भाषा?'
मी नियमाचं पान उघडते.
निदान दोनशे जणांनी वापरायला हवी.
त्याच्या आत ती भाषा नाही.

दुपारी एक तिकीट येतं.
एकच फाइल, अकरा वर्षं कुणी हात न लावलेली.
आमचं यंत्र म्हणतं: साधा मजकूर, खात्री एकतीस टक्के.
साधा कसला!
उभे धागे मोजलेत, आडवे धागे मोजलेत,
धोटा कधी परत फिरायचा ते कंसात,
आणि कंसाच्या आत पुन्हा कंस, एकही न चुकलेला.
डुगल रॅट्री, माग दुरुस्त करणारा, निवृत्त.
स्वतःच्या मागासाठी स्वतःच घडवलेली.
मी त्याला लिहिते: किती जण वापरतात?
उत्तर लगेच: दोघं. मी आणि माग.
माग कधी कधी ऐकत नाही.

मध्ये मध्ये त्याने टिपा लिहिल्यात.
मला कळत नाहीत, रोरी मोठ्याने वाचतो
आणि त्याचा आवाज बदलतो,
जणू मागच्या दाराने दुसराच कुणी आत आला.
'असं बोललो की शाळेत बाई म्हणायच्या,
नीट इंग्रजी बोल.'

अमळनेरला दुसरीत मी म्हटलं होतं,
गुरुजी, पाटी घर शे.
आहे म्हण, आहे. दहा वेळा.
वर्ग हसला. मी दहा वेळा म्हटलं.
अजून फॉर्मवर मातृभाषेपुढे मी मराठी लिहिते,
ते खोटं नाही,
पण रविवारी फोनवर आई 'कशी शे?' विचारते
तेव्हा उत्तर द्यायला
मला कुठलाच खण उघडावा लागत नाही.

यादीत 'इतर' आहे. एक टिचकी, झालं.
डुगलच्या धोट्यावर बोट ठेवून
मी बराच वेळ बसते.
नियम मीच लिहिलाय, तीन वर्षांपूर्वी,
दोनशे हा आकडाही माझाच,
का दोनशे, ते आता आठवत नाही.

सहा वाजतात. तिकीट उघडंच राहतं.
जिन्यात दिवा नाही, धुकं आतपर्यंत आलेलं.
रोरी कोटाची कॉलर वर करत म्हणतो, ड्रीख.
मी म्हणते, शे.