कळकू नये इतकंच

लहानपणी आमच्या गल्लीत ठोक्यांनी झोप मोडत नसे,
ठोके थांबले की मोडायची.

भांडी बाजारामागे अप्पा अजून घंगाळं मठारतात,
ठोक्याला ठोका चिकटून,
माशाच्या खवल्यांसारखे.

मी सातपूरला. दुसऱ्या मजल्यावर,
खाली नट-बोल्टचा कारखाना.
माझ्या चिमट्यात काचेची चकती,
शर्टाच्या गुंडीएवढी, पावासारखी सच्छिद्र.
ही कधीतरी कुणाच्या तरी जबड्यात हाड होणार आहे,
असं अनुदानाच्या अर्जात लिहिलंय.

अडचण एवढीच:
कडेच्या पेशी जगतात, मधल्या मरतात.
रक्तापासून दोन-तीन केसांच्या जाडीइतकं लांब गेलं
की पेशीचं काही चालत नाही.
चकती मधोमध कापून पाहिली,
गाभा ओसाड.

मरण्याआधी त्या ओरडतात, हे खरं आहे.
श्वास कोंडला की पेशी हाक घालते,
जवळच्या रक्तवाहिनीला कोंब फुटतो
आणि तो चाचपडत हाकेच्या रोखानं निघतो.
त्याला यायला लागतात दिवस.
इकडे तासांत सगळं आटोपतं.

म्हणून काचेत तांबं. कणभर.
तांबं हुबेहूब तसंच ओरडतं,
आत कुणी कोंडलेलं नसतानाच.
खोटी हाक आहे ही.
(मोहाडकरबाई म्हणाल्या, निबंधात असं लिहू नकोस.)

पहिल्या खेपेला हात सैल पडला माझा.
सगळ्या पेशी गेल्या, कडेच्यासुद्धा.
रात्री सांगितलं, तर अप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवलंस. दुसरं काय?
कळकलं."
वहीत त्या तारखेपुढे मी तेवढंच लिहिलं: कळकलं.
खाली तांब्याचा आकडा.
तो निम्मा केला.
परत निम्मा.

अंडी गिरणाऱ्याच्या हॅचरीतून आणते,
स्कूटरवर पायांशी ट्रे, भोवती जुनी गोधडी,
गंगापूर रोडचा प्रत्येक गतिरोधक पाठ.
कवचाला खिडकी पाडायची, वर चिकटपट्टी.
आत एक ठिपका धडधडत असतो, त्याच्याकडे फार बघायचं नाही.
आठव्या दिवशी पडद्यावर चकती ठेवली.
बाराव्या दिवशी उघडलं, तर

गाडीच्या चाकाच्या आऱ्या!
चहूकडून लाल, तुंब्याकडे धावत आलेल्या.
मोजायला बसले. एकोणिसाला चुकले, पुन्हा एकपासून.
हाक कुणाची, हे विचारायला
एकही कोंब वाटेत थांबला नव्हता.

मग अंडी फ्रीजरमध्ये जातात. नियम आहे.
रक्त त्या पिल्लांचं होतं, निबंध माझा होईल.
ट्रे आत ठेवते
आणि दार लगेच लावत नाही.

फोटो अप्पांना दाखवला.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी मोबाइल नाकाशी धरला,
भांड्याची चीर शोधताना धरतात तसा.
"आत जातंय ते दिसलं. बाहेर कुठनं?"
म्हणजे?
"बंबाला दोन वाटा लागतात, बाई.
इकडून गार ओतायचं, तिकडून कढत येतं.
एकच ठेवलीस तर तो बंब नाही, बाँब."

दोघंही हसलो.
मग मी हसायची थांबले.
एकतीस आऱ्या मोजल्या होत्या मी.
त्यांतली परतणारी कोणती,
हे पाहिलंच नव्हतं.

रात्रभर कागदावर रेघा.
चकतीची एक कड तांब्याची,
समोरची कोरी, नुसती वाट सोडलेली.
जमेल की नाही, माहीत नाही.
सोमवारी नवा ट्रे आणायचाय.

पाच वाजले. खाली अप्पांनी दार उघडलं,
खोकले, घंगाळ खुंटावर चढवलं.
पहिला ठोका पडला.
आता झोप लागेल.