जागा

केस-पेपरवर सिस्टरनं लिहिलं: चामखीळ.
मग विचारलं, "कुठं?"
मी खिडकीबाहेर पाह्यलं.
दवाखान्याच्या भिंतीवरचं जुनं पोस्टर
एक बकरी निवांत खात होती.
"खाली," म्हटलं.
सिस्टरनं मान न उचलता
नुसती रेघ ओढली.

मानेवरच्या चामखिळीला आमच्याकडं
घोड्याचा केस बांधतात. वाळून गळते.
पण इथं केस बांधून दे म्हणून
कोणाला म्हणू?
एका दुपारी घर रिकामं पाहून
सुईत बिबा टोचला, दिव्यावर धरला,
फुटक्या आरशाचा तुकडा पाटावर ठेवून…
आठ दिवस शिलाई मशीनवर बसता आलं नाही.
ब्लाऊज न्यायला आलेल्या गुंफाला सांगितलं,
पाठ भरली.

उईके डॉक्टरीणबाई आधी बिब्यावरूनच रागावल्या.
मग हातमोजे काढता काढता म्हणाल्या,
"विषाणू हाये हा. कातडीतून कातडीत जाते.
लई जणायले होते, अर्ध्यायले समजतबी नाई.
याच्यात पऱ्हाटीसारखे वाण असतेत, बाई.
हे फुलकोबीवानी उगवते तो वाण अलग,
पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करते तो अलग.
तरी तपासून घेऊ."

(त्या दिवसापासून घरात फुलकोबी आली नाही.
पोरगी विचारते, काऊन वो आई?)

"कोणापासून?"
एवढंच विचारायला मी
दोन एसट्या बदलून आले होते.
देवानंद बोअरच्या गाडीवर, सहा-सहा महिने
तेलंगणात. कोणत्या गावात मुक्काम,
कोणाच्या हातचं जेवण,
मी सगळं मनात टाचून ठेवलेलं.

"ते कोणताच कागद सांगत नाई.
वर्स-वर्स गप बसते हे अंगात.
तुमच्या लग्नाच्या आंधीचंबी असू शकते.
त्याचं, नाईतर…"

बाई थांबल्या.
आणि सतरा वर्षांची असतानाचं एक नाव,
जे मी कधी उच्चारलंसुद्धा नव्हतं,
माझ्यात उठून बसलं.
टाचलेलं सगळं उसवत गेलं.

तपकिरी औषध लावलं. चार तासांनी धुवायचं.
परतीच्या एसटीत मी तास मोजत राहिले,
दुसरं काहीच मोजलं नाही.

पोळ्याला तो आला. सांगितलं.
तो बराच वेळ पंपाच्या हांड्याकडं पाहत राहिला.
बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं.
"मलेबी हायेत," म्हणाला, "दोन.
मले वाटलं, घामानं."

गुरुवारी दोघं गेलो.
त्यानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतलेला,
डोळे तेवढे उघडे.
सिस्टरनं विचारलं, "कुठं?"
तो खिडकीबाहेर पाहू लागला.
आज बकरीही नव्हती.

मी शब्द सांगितला.
साधा, पोरीच्या पुस्तकात छापलेला.
सिस्टरनं मान वर केली.
आणि लिहून घेतला,
रेघ न ओढता.